बंब परत आल्यावर

आगीची बातमी मी शेवटाकडून वाचते. किती बंब गेले, किती टँकर लागले, आग कितव्या लेव्हलची होती, शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज, हे सगळं नंतर. आधी शेवटचा परिच्छेद. जखमींना कुठल्या हॉस्पिटलात नेलं, कुणाची प्रकृती स्थिर आहे आणि कुणाला ‘दाखल करण्यापूर्वीच मृत घोषित करण्यात आलं’, ते तिथे लिहिलेलं असतं. ही सवय बाबांची. ते मुंबई फायर ब्रिगेडमध्ये फायरमन म्हणून लागले आणि लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. धुरातून काढलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर ठेवलं की त्यांचा त्याच्याशी संबंध संपायचा. पुढे तो जगला की नाही, हे त्यांना कुणी कळवत नसे. तशी पद्धतच नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय छापून येईल तेवढंच.

आईला हे पक्कं ठाऊक होतं. रात्री बाबा मोठ्या वर्दीवर, म्हणजे मोठ्या आगीच्या कॉलवर, गेलेले असले की सकाळी पेपर दारात पडल्याबरोबर ती उचलायची आणि ओट्याशी उभं राहून आधी स्वतः वाचायची. बातमी बरी असेल तर पेपर खुर्चीवर, चहाच्या कपाशेजारी. बरी नसेल तर पेपर दिसायचाच नाही. बाबा उठायचे, चहा प्यायचे, खुर्चीकडे एकदा बघायचे आणि काही न विचारता अंघोळीला जायचे. आपल्या घरी काही दिवस पेपर येत नाही, एवढंच मला लहानपणी वाटायचं.

आम्ही स्टेशनच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये राहायचो. खाली बंब, वर संसार. त्यामुळे वर्दीची घंटा आमच्याही घरात वाजायची, बाबा ड्युटीवर असोत वा नसोत. मध्यरात्री घंटा झाली की आधी छातीत धडधडायचं आणि मग जाग यायची. धावणाऱ्या बुटांचा आवाज, इंजिनाचा आवाज, फाटकातून गाडी वळल्याचा आवाज. त्यानंतर प्रत्येक घरातलं कुणीतरी गॅलरीत येऊन उभं राहायचं. एकच गाडी गेली तर कचऱ्याची आग, मीटर बॉक्स, नाहीतर लिफ्टमध्ये अडकलेलं कुणी. पाठोपाठ दुसरी आणि तिसरी गेली, शिडीची गाडीही निघाली, की गॅलरीतलं बोलणं बंद. आई आत येऊन भांडी घासायला घ्यायची. रात्रीचे दोन वाजलेले असायचे आणि भांडी घासलेलीच असायची.

फारच उशीर झाला तर ती मला खाली वॉचरूममध्ये पाठवायची. वायरलेसवर बसलेल्या काकांना काही विचारायचं नाही, नुसतं दारात उभं राहायचं, अशी सूचना. काका माझ्याकडे बघून म्हणायचे, “कूलिंग चालू आहे, जा झोप.” कूलिंग म्हणजे ज्वाळा संपल्या, आता धुमसणाऱ्या ढिगावर पाणी मारायचं राहिलं. मी जिने चढत वर जाऊन आईला तेवढा एकच शब्द सांगायचे आणि मग घरात दिवा बंद व्हायचा. आगीत तापून कमकुवत झालेल्या भिंती आणि स्लॅब कूलिंगच्या वेळीही खाली येतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आईला ते तेव्हाही माहीत असणार. दिवा ती माझ्यासाठी बंद करायची.

बाबा परत आले की क्वार्टर्समधला एक नियम सगळ्या घरांत सारखा होता. जेवण होईपर्यंत काही विचारायचं नाही. गरम पाणी तयार ठेवायचं. दोनदा डोकं धुतलं तरी धुराचा वास केसांतून जात नसे, आणि नंतर दोन दिवस रुमालावर काळं यायचं. बाबांच्या उमेदीच्या काळात धुरात श्वास घेता यावा म्हणून लावायचे हवेचे बीए सेट सगळ्यांच्या वाट्याला येत नसत. ओला रुमाल तोंडावर बांधून माणसं आत शिरायची. जेवण झाल्यावरही बाबा फारसं सांगत नसत. “गोडाऊन होतं,” एवढंच. किंवा “चाळ होती.” गोडाऊन म्हटलं की आईचा खांदा खाली यायचा. चाळ म्हटलं की ती पुढचं ताट वाढेपर्यंत गप्प राहायची.

आम्ही मूळचे कोकणातले, त्यामुळे घरात सुके बोंबील नेहमीचे. गॅसच्या आचेवर ते नुसते भाजले, चुरून त्यात कांदा, मिरची आणि खोबरं घातलं की पावसाळ्यात दुसरं काही लागत नाही. एका वर्षी आईने बोंबील भाजणं बंद केलं. कालवणात घालायची, तळायची, पण आचेवर धरायची नाही. आजीने कारण विचारलं तर म्हणाली, “शेजाऱ्यांना वास जातो.” अख्ख्या मजल्यावर मासे खाणारेच होते. भाजल्याचा तो वास आला की बाबा ताटावरून उठून गॅलरीत जायचे, हे तिने एकदाच पाहिलं होतं. तेवढं तिला पुरलं. याबद्दल त्या दोघांत एक वाक्यही बोललं गेलं नसावं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी बाबांनी एक गोष्ट सांगितली, तीही आपणहून नव्हे. माझी मुलगी लपाछपी खेळताना पलंगाखाली शिरली आणि हाका मारल्या तरी ओ देईना. कधी मोठ्याने न बोलणारे बाबा तिच्यावर असे ओरडले की ती रडायला लागली. त्यांचे हात थरथरत होते. रात्री ती झोपल्यावर ते म्हणाले, लहान मुलं आगीत बाहेर पळत नाहीत, लपतात. खाटेखाली, कपाटामागे, गोधडीत. म्हणून धुरात काही दिसत नसलं तरी आधी तिथे हात घालून चाचपायचं असतं, ड्रिलमध्ये शिकवतात तसं. परळच्या बाजूच्या एका चाळीत त्यांनी असाच खाटेखाली हात घातला होता. हाताला बोटं लागली. त्या बोटांनी त्यांचा हात पकडला नाही.

मूल त्यांनी उचलून जिन्यावरून खाली आणलं, स्ट्रेचरवर ठेवलं. “पुढे काय झालं ते कळलं नाही,” बाबा म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “कळलं होतं. मी वाचलं होतं.”

बाबांनी मान डोलावली. तिने वाचलंय, हे त्यांनाही कळलं होतं. पेपर खुर्चीवर नव्हता.

एवढी वर्षं एकाच खोलीत राहून दोघं एकच मूल मनात बाळगून होते, एकमेकांपासून लपवून, एकमेकांना जपण्यासाठी. या नोकरीची झळ म्हणते मी ती ही. भाजलेल्या हाताची नोंद होते, त्याची रजा मिळते, औषधपाण्याचे कागद होतात. या झळीचा कागद कधीच झाला नाही. आणि ती एकट्या बाबांना लागलेली नव्हती.

मुंबईत आग विझवणं म्हणजे आगीच्या आधी रस्त्याशी झुंज. काळबादेवी, मस्जिद बंदर, भेंडीबाजार, कुठलीही जुनी वस्ती घ्या. दोन्ही बाजूंना उभ्या स्कूटर, हातगाड्या, वर लोंबणाऱ्या तारा, पुढे वाढवलेली दुकानं. मोठी गाडी आत जात नाही, मग होज, म्हणजे पाण्याचा पाइप, पायी ओढत न्यायचा. तोवर गल्लीत जमाव उभा असतो आणि त्यातून आवाज येतो, “आत्ता आलात? सगळं जळल्यावर?” बाबांना आगीपेक्षा हा आवाज जास्त लागायचा, असं मला वाटतं. आजही आम्ही लग्नाच्या हॉलवर गेलो की ते आधी बाहेरच्या रस्त्याची रुंदी बघतात, मग जिना, मग दुसरा दरवाजा. तो दरवाजा कुलूपबंद असेल तर त्यांचं जेवणात लक्ष लागत नाही. लोअर परळच्या कमला मिलमध्ये 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि 14 माणसं गेली, त्या रात्रीपासून आम्हीही त्यांना “आता बसा की” असं म्हणायचं सोडलं. ओरडणाऱ्या माणसावर माझा राग नाही. त्याचं घर जळत असतं. पण गल्लीत गाडी लावून निघून गेलेला कधी त्या जमावात नसतो, आणि शिव्या बंबावरच्या माणसाला बसतात. त्या तो घरी आणतो. घरी त्या आवाजात बदलतात, मुलाच्या गणिताच्या वहीवरून, भाजीतल्या मिठावरून.

शेजारचे एक काका असे घरी यायचे. देखणा, हसरा माणूस. ड्रिलमध्ये शिडी चढायला लागले की आम्ही मुलं गॅलरीतून टाळ्या वाजवायचो. एका इमारत कोसळलेल्या ठिकाणी ते दिवसरात्र ढिगारा उपसत होते, तेव्हापासून त्यांचं पिणं वाढलं. क्वार्टर्समधल्या सगळ्यांना कारण माहीत होतं. काकी कधी सुजलेल्या डोळ्यांनी आमच्याकडे विरजण मागायला यायची, आणि आई तिला विरजणाबरोबर अर्धा तास बसवून घ्यायची. ऑफिसच्या लेखी काका ‘बेशिस्त’ ठरले. ढिगाऱ्याखालून आवाज येत होता आणि नंतर तो बंद झाला, हे त्यांच्या सर्व्हिस बुकात कुठल्या रकान्यात लिहिणार होते कोण जाणे. फायर ब्रिगेड म्हणजे फक्त आग, असं बाहेरच्यांना वाटतं. पावसाळ्यात कोसळणाऱ्या इमारती, नाल्यात वाहून गेलेली पोरं, झाडाखाली सापडलेली रिक्षा, सगळीकडे हीच माणसं असतात. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग पडलं आणि 17 जणांचा जीव गेला. खाली पेट्रोल असल्यामुळे तिथे लोखंड कापायला गॅस कटर चालवणंही धोक्याचं होतं. टीव्हीवर ते बघताना आई म्हणाली, “यांच्या बायका आज गॅलरीत असतील.”

9 मे 2015 ला बाबा आधीच निवृत्त झालेले होते. त्या दिवशी काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, विझवण्याचं काम चालू असतानाच इमारत कोसळली, आणि आत दलाचे वरिष्ठ अधिकारी होते. संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच घटनेत गेले. गंभीर भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांची झुंजही पुढच्या काही दिवसांत एकापाठोपाठ संपली. दलाचा प्रमुख स्वतः आत असतो, हे तेव्हा मुंबईला कळलं. आमच्या जुन्या क्वार्टर्समधून त्या रात्री फोन येत होते आणि कुणाकडेच बोलायला काही नव्हतं. बाबा टीव्हीसमोरून हलले नाहीत. सकाळी मी पाहिलं तर त्यांच्या पायात चपला होत्या. रात्रभर घरात चपला घालून बसले होते.

दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. 1944 साली त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली. त्याच जहाजात दारूगोळा भरलेला होता. बंबवाले होज धरून आग विझवत असतानाच स्फोट झाला, आणि दलाचे 66 जण गेले. त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्या कशा उडाल्या आणि पुढे कितीतरी वर्षं गाळ उपसताना कशा मिळत राहिल्या, याच्या गोष्टी जुन्या मुंबईकराला पाठ असतात. मी त्या 66 घरांचा विचार करते. त्यातली बरीचशी घरं आमच्यासारखीच असणार, नोकरीतल्या जागेत राहणारी. नवरा गेल्यावर त्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर किती दिवस राहिलं असेल? कुठल्या गावी गेली असेल ती मुलं घेऊन? मानवंदना होते, बिगुल वाजतो, पुष्पचक्र वाहिलं जातं, आणि हे सगळं व्हायलाच हवं. फक्त त्या घरांची गोष्ट कुणी सांगत नाही, विटांची सांगतात.

शरीराबद्दल आता बरंच कळलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये आग विझवण्याचं काम माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे पुरावा पुरेसा आहे असं मानलं. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 ला 343 अग्निशामक गेले. त्या धुराधुळीने जडलेल्या आजारांत नंतर तितकेच आणखी गेले, 2023 मध्ये तो आकडा मूळ आकड्याला येऊन भिडला. झोपेतून घंटेसरशी उठून मिनिटाभरात गाडीवर चढणाऱ्या माणसाच्या हृदयावर काय ताण पडतो, याचेही अभ्यास झालेत. अमेरिकेत ड्युटीवर दगावणाऱ्या अग्निशामकांत हृदयविकार हे मोठं कारण आहे. या सगळ्यामुळे चांगले सूट येतील, मास्क येतील, तपासण्या होतील, आणि ते येवोत. मला मात्र गॅलरीतल्या बाईच्या हृदयाचीही काळजी वाटते. तीही त्याच घंटेला उठत होती.

मनाच्या बाबतीत दलातल्या माणसाची खरी अडचण त्याच्या शौर्याचीच आहे. शाळेत त्याच्या पोराला सगळे विचारतात, तुझे बाबा आगीत उडी मारतात ना? सोसायटी सत्कार करते, शाल घालते, नारळ देते. शाल घेतलेल्या माणसाने मला रात्री झोप येत नाही हे कुणाला सांगायचं? सहकाऱ्याला सांगितलं तर उद्या जिन्यावर तो माझ्यामागे यायला कचरेल, ही भीती. साहेबाला सांगितलं तर गाडीवरून उतरवून टेबलावर बसवतील, ही दुसरी. बायकोला सांगितलं तर ती प्रत्येक घंटेला मरेल. म्हणून तो ‘गोडाऊन होतं’ म्हणतो. माझं म्हणणं असं की, बोलायचं की नाही हे त्याच्या धाडसावर सोडूच नये. मोठ्या वर्दीनंतर जसा होज सुकवायला टांगतात, बीए सेट तपासून पुन्हा भरतात, तसं त्या वर्दीवरच्या प्रत्येकाला, ज्याला काहीच झालं नाही असं वाटतं त्यालाही, जाणत्या माणसासमोर बसवावं. सगळेच बसले तर कुणी एकटा उठून दिसणार नाही. ज्याला बोलायचं नाही त्याने चहा पिऊन यावं, जबरदस्तीने बोलतं करण्यात काही भलं नसतं. काही आठवड्यांनी पुन्हा विचारावं. आणि वाचवलेल्या माणसाचं पुढे काय झालं, ते स्टेशनला कळवावं. हॉस्पिटलातून एक फोन, बरं असो वाईट असो. पेपरातल्या शेवटच्या परिच्छेदावर कुणाची झोप अवलंबून राहू नये.

गेल्या पावसाळ्यात आईला एका मुलीचा फोन आला. क्वार्टर्समधल्या जुन्या शेजाऱ्यांची सून. तिचा नवरा दलात लागून फार वर्षं झालेली नाहीत. एका वर्दीनंतर तो झोपेत उठून बसतो, दार उघडं आहे का बघतो, मुलाला कुशीतून सोडत नाही आणि विचारलं की चिडतो, असं ती सांगत होती. “आत्या, तुम्ही काय करायचात?” तिने विचारलं. मला वाटलं, आता आई तिला जेवणाआधी विचारू नकोस, गरम पाणी ठेव, पेपर आधी तू वाच, हे सगळं सांगणार. तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही.

“मी करायचे ते तू करू नकोस,” ती म्हणाली. “मी लपवत बसले, ते लपवत बसले. त्याला सांग, मला माहितीये तुला काय होतंय, आणि मलाही होतंय. सोमवारी सुट्टी घे म्हणावं. पालिकेच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, सकाळी लवकर जा, लाइन असते. जायला तयार नसेल तर 14416 वर, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, फोन लावून दे, फुकट आहे, मराठीत बोलतात.”

पलीकडून ती मुलगी काहीतरी बोलली. बहुधा तो यायला तयार होणार नाही, बायकोने धरून आणलं म्हणतील, असं काहीतरी.

“मग तू त्याला घेऊन जाऊ नकोस,” आई म्हणाली. “तू स्वतःला दाखवायला जा आणि त्याला सोबत चल म्हण. आणि खिडकीवर केसपेपर दोन काढ. एक त्याच्या नावाचा, एक तुझ्या.”